आईवर लिहिलेल्या पहिल्या गझलेतल्या चुका कशा सांगाव्यात?

बार्शीकर

नमस्कार मंडळी. गझल शिकणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. बार्शी, तुळजापूर, लातूर या पट्ट्यातले चाळीसेक जण आहेत. कुणी एसटीत, कुणी शाळेत, दोघी-तिघी घर सांभाळून लिहिणाऱ्या, काही पोरं चाकणला कंपन्यांत. रविवारी रात्री एकाने आपली गझल टाकायची आणि आठवडाभर त्यावर बोलायचं, असं ठरलेलं आहे. प्रत्यक्षात बोलणं होत नाही. 'व्वा', 'क्या बात', 'लाजवाब' आणि हात जोडलेली चित्रं येतात, आणि सोमवारी दुपारपर्यंत सगळं थंड होतं.

या रविवारी एका मुलाने आयुष्यातली पहिली गझल टाकली. चाकणला शिफ्टमध्ये काम करतो. आई गेल्या वैशाखात गेली, घरी आता वडील एकटे. त्याला विचारूनच गझल इथे देतो आहे.

तुझ्या अंगणी चांदणे मागतो मी
स्वतःला जुने दुःख ते सांगतो मी

किती पावसाळे असे पाहिले अन्
तरी कोरडा कोरडा राहतो मी

तिची चप्पल दारात तशीच आहे
तिला न ओलांडता बाजूने चालतो मी

कुणी घाव देतो कुणी मीठ चोळे
जगाला हसूनी क्षमा मागतो मी

दिवा लावुनी माय गेली कधीची
तिच्या सावलीला घरी पाहतो मी

तीसेक जणांनी 'भावपूर्ण', 'डोळ्यांत पाणी आलं' असं लिहिलं. सगळ्यात जास्त दाद 'मीठ चोळे'ला मिळाली. मग ग्रुपमधल्या एका ज्येष्ठांनी लिहिलं, "काफिया चुकला आहे, तिसऱ्या शेरात वृत्त नाही, ही गझल होत नाही. आधी अभ्यास करावा." (काफिया म्हणजे गझलेतलं यमक.) मुलाने "धन्यवाद सर" लिहिलं आणि तेव्हापासून तो गप्प आहे. त्यांचा मुद्दा खोटा नाही. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, 'मागतो' आणि 'सांगतो' घेतल्यावर पुढे 'राहतो', 'पाहतो' चालत नाहीत आणि चपलेचा शेर या गझलेच्या भुजंगप्रयात वृत्तातून पार बाहेर गेला आहे. पण सगळं खरं सांगूनही त्या मेसेजचा त्या मुलाला उपयोग काय झाला, तर काही नाही. आणि त्या तीस 'व्वां'चाही झाला नाही.

हा मुलगा लिहायचा थांबू नये असं मला मनापासून वाटतं. पाचातले दोन शेर असे आहेत की जे मी तरी कुणाच्या गझलेत वाचलेले नाहीत. चुका सांगायच्या तर आहेतच, कारण त्याला गझल शिकायची आहे, तो त्यासाठीच ग्रुपवर आलाय. पण जिथे माणसाने नुकतीच गेलेली आई शब्दांत मांडली आहे, तिथे 'अलामत (काफियातल्या समान अक्षरांआधीचा ठरलेला स्वर) भंगली' कुठून आणि कसं सांगायचं? तुमच्यापैकी ज्यांनी बरीच वर्षं इतरांच्या गझला वाचून दिल्या आहेत, त्यांनी जरा सविस्तर सांगावं.

शब्दवेल

बार्शीकर दादा, गझल दोनदा वाचली, मग मोठ्याने म्हटली. तुमची काळजी रास्त आहे. मी अमरावतीची, मराठीची शिक्षिका होते आणि नव्या लोकांचं लिखाण वाचून देण्यात माझा बराच वेळ जातो, म्हणून लांबलचक लिहिते आहे. वेळ काढून वाचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट. गझलेत दुरुस्तीची जी जुनी रीत आहे, इस्लाह, ती चारचौघांतली नाही. शागीर्द आपण होऊन उस्तादाकडे जायचा, कागद पुढे ठेवायचा, आणि उस्ताद त्याच कागदावर खुणा करून परत द्यायचा. बहादूरशहा जफरची गझल आधी उर्दू शायर जौक तपासत, १८५४ मध्ये जौक वारल्यावर ते काम गालिबकडे आलं. बादशहा असला तरी रीत हीच. आमच्या गावचे सुरेश भट (१९३२–२००३) नव्या मुलांना पत्रांतून गझल समजावत, त्यातही एक पत्र एका माणसाला असायचं. मागणारा आहे आणि देणारा आहे, दोघांचं ठरलेलं आहे, म्हणून कडक बोललेलंही चालून जातं. तुमच्या ग्रुपवर त्या मुलाने गझल टाकली म्हणजे त्याने सगळ्यांच्या हातात लाल पेन दिलं असं होत नाही. तेव्हा पहिलं काम म्हणजे त्याला वेगळा फोन करा. मेसेज नको. मेसेजमध्ये आवाज नसतो, आणि या गझलेबद्दल बोलायला आवाज लागणार आहे.

फोनवर 'तुझी गझल तपासू का' असं विचारू नका. तो 'हो सर' म्हणेल आणि खाली मान घालून ऐकेल. विचारा, "या पाचांतला तुला स्वतःला सगळ्यात जवळचा शेर कुठला?" माझा अंदाज आहे, तो चपलेचा सांगेल. तो मीठ चोळण्याचा सांगितला तर गोष्ट जरा अवघड आहे, पण मग त्याला टाळ्या कुठे पडल्या त्याचा तो परिणाम आहे हे समजून घ्या.

जो शेर तो सांगेल तिथून सुरू करा. मतल्यापासून मुळीच नको. नियम मतल्यापासून सुरू होतात, कारण काफिया आणि रदीफ (काफियानंतर तसाच परत येणारा शब्द, इथे 'मी') तिथे ठरतो, आणि त्यामुळे आपण सगळे सवयीने तिथूनच बोट ठेवत येतो. तिसऱ्या शेरापर्यंत पोहोचेस्तोवर समोरच्याचं मन मिटलेलं असतं. या मुलाच्या गझलेत जीव तिसऱ्यात आहे.

आता त्या शेराबद्दल काय सांगायचं? 'छान आहे' म्हणू नका. तुम्हाला काय दिसलं ते सांगा. मला हे दिसलं: आई जाऊन इतके महिने झाले तरी तिची चप्पल दारातून कुणी उचललेली नाही, आणि घरातला माणूस येता-जाता तिच्यावरून पाय टाकत नाही, बाजूने जातो. रडणं नाही, 'आई तू परत ये' नाही, नुसती चालण्यातली एक सवय आहे. आईवरच्या हजार कवितांत हात, पदर, भाकरी, चूल येते. ही चाल कुणी लिहिलेली नाही. हे त्याला याच तपशिलाने सांगा. दाद अशी नेमकी असली की लिहिणाऱ्याला कळतं आपण काय केलं, आणि पुढच्या वेळी तो ते पुन्हा शोधायला जातो. 'लाजवाब'ने त्याला काहीच कळत नाही.

मग वृत्त. इथे यगण-बिगण काढू नका. भुजंगप्रयात ज्या चालीत म्हणतात ती आपल्याकडे प्रत्येकाला लहानपणापासून पाठ आहे, कारण समर्थांचे मनाचे श्लोक सगळे याच वृत्तात आहेत. त्याला म्हणा, "तुझा मतला मनाच्या श्लोकांच्या चालीवर म्हण." तो सुरेख म्हटला जाईल, कारण वृत्त चोख आहे. मग म्हणा, "आता चपलेचा म्हण." 'तिची चप्' पर्यंत जाईल आणि 'पल'वर जीभ अडखळेल, कारण चाल तिथे दीर्घ मागते आणि शब्द ऱ्हस्व देतो. त्याच्या कानाला ते लगेच कळेल. तुम्ही चूक दाखवली असं होणार नाही, त्याची त्यालाच सापडेल. शाळेत मी शेकडो मुलांना लघु-गुरूच्या खुणा फळ्यावर काढून दाखवल्या, आणि चालीवर म्हणायला लावलं तेव्हाच त्यांना वृत्त कळलं.

ओळ दुरुस्त करून देऊ नका. हा मोह फार असतो. तुम्हाला फोनवर बोलता बोलता दोन पर्याय सुचतील, आणि ते बरेही असतील. पण मग तो शेर अर्धा तुमचा होईल. आईची चप्पल आहे ती. तुम्ही फक्त जागा दाखवा: 'इथे लगागा, म्हणजे लघु-गुरू-गुरू वजनाचा शब्द लागतोय, तुमच्या घरात या वस्तूला काय म्हणतात, ती कुठे ठेवलेली असते, आठवून बघ.' बाकी त्याच्यावर सोडा. एक-दोन दिवस लागले तर लागू देत.

काफियाचं मात्र सरळ सांगून टाका. ती भावनेची बाब नाही, हिशेबाची आहे, आणि हिशेब आडून सांगितला तर उलट गोंधळ होतो. मतल्यात 'मागतो' आणि 'सांगतो' घेतले की दोन्हींत 'गतो' समान राहतं आणि त्याच्या आधी 'आ'. म्हणजे पुढच्या प्रत्येक शेरात 'जागतो', 'वागतो', 'लागतो' असंच यायला हवं. त्याला एवढा कडक काफिया नकोच आहे, कारण त्याचे पुढचे शेर 'राहतो', 'चालतो', 'पाहतो' यांवर उभे आहेत. तेव्हा मतल्यातली एकच ओळ बदलायची. 'मागतो'च्या जोडीला 'ग' नसलेला एखादा शब्द घेतला की समान उरतं फक्त 'तो' आणि आधीचा 'अ'. मग सगळी गझल नियमात येते. तीन शेर पाडण्यापेक्षा एक ओळ बदलणं बरं, हे ऐकून त्याला हायसंच वाटेल. आणि तसंही त्या ओळीतला 'ते' भरतीचा आहे. 'जुने दुःख ते' मधला 'ते' वृत्त भरण्यापलीकडे काही करत नाही, त्यामुळे ती ओळ बदलली तर नुकसान नाही.

राहिला घाव-मिठाचा शेर. वृत्त अगदी बरोबर, आणि ग्रुपवर सगळ्यात जास्त दाद त्यालाच. हा शेर पोकळ आहे असं सांगितलंत तर तो म्हणेल, मग तीस लोकांना का आवडला? म्हणून मत सांगू नका, प्रश्न विचारा. "घाव त्यांनी दिला, मीठ त्यांनी चोळलं, मग क्षमा तू का मागतोस? तुला क्षमा करतो म्हणायचं होतं का?" दोन ओळींचं नातं तिथे तुटलंय. त्याला ते जोडता आलं तर शेर उभा राहील, नाही आलं तर तो स्वतःच काढून टाकेल. काढला तर गझलेत चारच शेर उरतील, आणि किमान पाच हवेत असा संकेत आहे, म्हणजे त्याला नवा शेर लिहावा लागेल. लिहू दे की.

त्या ज्येष्ठांशीही एकदा बोला. त्यांना ज्ञान आहे, ते वाया जाऊ नये.

लगावली

शब्दवेल ताईंच्या बहुतेक म्हणण्याशी सहमत आहे, एका ठिकाणी नाही, ते स्पष्टपणे मांडतो.

फोनवर खासगीत सगळं सांगितलं तर त्या एका मुलाचं भलं होईल. पण ग्रुपवरच्या बाकीच्यांचं काय? तेही शिकणारेच आहेत. त्यांच्यासमोर 'मागतो-सांगतो-राहतो' असा काफिया आला, तीस जणांनी वाहवा केली, आणि कुणी काही बोललं नाही, तर पुढच्या रविवारी तीच चूक दुसऱ्या नावाने येणार. मी हे होताना पाहतो आहे. आता तर असे ग्रुप आहेत जिथे 'आशय चांगला असला की तंत्र चालतं' हेच शिकवलं जातं. नाही चालत. गझल हा आकृतिबंध आहे, ज्याला तो नको त्याने मुक्तछंद लिहावा, तो कमी दर्जाचा नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की आधी त्या मुलाशी बोला, त्याची दुरुस्ती होऊ द्या, आणि मग त्याच्या परवानगीने आधीचा मतला आणि नंतरचा मतला, दोन्ही ग्रुपवर शेजारी-शेजारी टाका. काय बदललं ते त्यानेच सांगावं. शिकणाऱ्याला नियमाच्या व्याख्येपेक्षा अशी आधी-नंतरची जोडी जास्त कळते.

तंत्राचं बोलतोच आहे तर हिशेब देतो, चाल न जमणाऱ्यांसाठी. भुजंगप्रयात म्हणजे लगागा चार वेळा, एका ओळीत १२ अक्षरं, २० मात्रा. 'तुझ्या अं/गणी चां/दणे मा/गतो मी', चोख. 'तिची चप्पल दारात तशीच आहे', ही १३ अक्षरं. 'तिला न ओलांडता बाजूने चालतो मी', ही १४. म्हणजे इथे एखादी मात्रा सरकलेली नाही, ओळ गद्यच आहे. हे त्याला सांगताना 'वृत्त चुकलं' म्हणू नका, 'ही ओळ अजून वृत्तात आलेली नाही' म्हणा. कारण तेच खरं आहे. जे म्हणायचं ते त्याने आधी साध्या बोलण्यात लिहून ठेवलं, पुढचं काम बाकी आहे. उलट बाकीच्या चार शेरांत नवशिक्याने एकही मात्रा चुकवलेली नाही. पहिल्या गझलेत हे फार क्वचित दिसतं आणि त्या ज्येष्ठ सदस्यांनी ही नोंद आधी करायला हवी होती.

आणखी एक. नियम आणि आवड यांत गल्लत करू नका. 'पाहिले अन्' वर ओळ लटकलेली मला आवडत नाही, आणि 'अन् तरी' असं दोन ओळींत फोडणंही आवडत नाही. पण ती माझी आवड. एका गुरूच्या जागी दोन लघू घेतलेले काही जणांना चालतात, मला अक्षरगणवृत्तात चालत नाहीत, तिथेही दोन मतं आहेत. काफिया मतल्याने बांधला जातो याला मात्र दोन मतं नाहीत. आपण नव्या माणसाला सगळं एकाच सुरात सांगतो, आणि त्याला कळत नाही की यातलं काय सोडलं तर चालेल. म्हणून 'हा नियम आहे' आणि 'हे मला वाटतं' असं प्रत्येक वेळी वेगळं बोलावं.

सांजवारा

मी तंत्रातली जाणकार नाही. पण वडील गेले तेव्हा मीही एका गटात पहिली कविता टाकली होती, म्हणून दुसऱ्या बाजूचं सांगते.

त्या दिवशी कवितेत काय चुकलंय हे ऐकायची माझी तयारी नव्हती, आणि 'देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो' याने कविता कुणी वाचली की नाही हे कळत नव्हतं. सांत्वनाचे मेसेज कवितेखाली आले की कविता झाकली जाते. एका बाईंनी मला वेगळं लिहिलं होतं, की तुझ्या बाबांच्या चष्म्याच्या दोऱ्याची ओळ वाचली आणि मी थांबले, माझ्या काकांचा चष्मा असाच दोऱ्याने बांधलेला असायचा. एवढंच. दुरुस्ती काही नाही. आठवडाभराने मीच त्यांना विचारलं की शेवट ओढल्यासारखा वाटतोय का, आणि मग त्यांनी तीन कडवी कशी उडवता येतील ते सांगितलं. ती मी उडवली. मला राग सोडाच, हलकं वाटलं.

तर बार्शीकर दादा, सांत्वन आणि समीक्षा एकाच निरोपात घालू नका. 'आईबद्दल वाईट वाटलं, पण तुझा काफिया...' हा 'पण' फार लागतो. आधी माणसाशी बोला, त्याच्या वडिलांची चौकशी करा, ते एकटे कसे राहतात, जेवणाचं काय. गझलेचं दुसऱ्या दिवशी. किंवा तोच काढेल तेव्हा.

आणि ग्रुपसाठी एक छोटं सुचवते, आमच्याकडे याने फरक पडला. 'व्वा' लिहायला बंदी घालू नका, लोक दुखावतात. फक्त एवढं ठरवा की दाद देताना आवडलेला मिसरा, म्हणजे शेरातली ओळ, तिथे पुन्हा टाइप करायचा आणि का आवडला ते एका वाक्यात लिहायचं. कॉपी-पेस्ट नाही, हाताने टाइप करायचा. टाइप करताना माणूस ओळ खरोखर वाचतो. आमच्या गटात यानंतर मेसेज निम्म्याहून कमी झाले आणि जे उरले ते वाचण्यासारखे आहेत.

बार्शीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितोय कारण त्याची नाइट शिफ्ट चालू होती, फोन जुळायला वेळ लागला.

सांजवारा ताईंच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या फोनमध्ये गझलेचा विषय मी काढलाच नाही. वडील शेजारच्या चुलत्यांकडे जेवतात, रात्री झोपायला मात्र घरीच येतात, असं म्हणाला. फोन ठेवता ठेवता त्यानेच विचारलं, "सर, ती गझल होत नाही म्हणाले, म्हणजे फाडूनच टाकायची का?" मी म्हटलं, फाडायची नाही, तुझा सगळ्यात जवळचा शेर कुठला ते सांग. ताई, तुमचा अंदाज बरोबर निघाला. चपलेचा.

दुसऱ्या दिवशी मनाच्या श्लोकांच्या चालीवर म्हणायला लावलं. मतला म्हटला, पावसाळ्याचा म्हटला, आणि चपलेवर थांबून म्हणाला, "इथं गाडी रुळावरून उतरतीय." मग काफियाचं तुम्ही मांडलंय तसंच, आडपडदा न ठेवता सांगितलं. ते त्याने दोन मिनिटांत पकडलं. घाव-मिठाबद्दल प्रश्न विचारला तेव्हा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की तो शेर त्याने लोकांना आवडेल म्हणून घातला होता.

त्याने पाठवलेला नवा मतला:

तुझ्या अंगणी चांदणे मागतो मी
स्वतःशीच रात्री पुन्हा बोलतो मी

आणि चपलेचा शेर:

वहाणा तिच्या राहिल्या उंबऱ्याशी
म्हणूनी जरा वाकडा चालतो मी

यातला एक शब्दही माझा नाही, हे मुद्दाम सांगतो. 'वाकडा चालतो' वाचल्यावर मी त्याला लगेच परत फोन केला. 'बाजूने चालतो' पेक्षा हे कितीतरी पुढे गेलं आहे. आता फक्त ते 'म्हणूनी' मला थोडं खटकतंय, पण ते सांगावं की नाही यात अडकलोय. शेर इतका चांगला झालाय की आता त्याला हात लावायला सांगणं बरं दिसेल का?

शब्दवेल

सांगा. नक्की सांगा. चांगल्या शेरातली छोटी कसर सांगणं हा त्या शेराचा मान आहे, आणि आता तो ऐकायच्या मनःस्थितीत आहे, तुमचा त्याच्याशी संवाद झाला आहे.

'म्हणूनी' मध्ये दोन गोष्टी आहेत. एक, बोलताना तो 'म्हणून' म्हणतो, वृत्तासाठी 'नी' ओढलाय. 'लावुनी', 'हसूनी' ही पण तीच सवय, नव्या गझलकारांत फार दिसते. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, 'म्हणून' ने कारण सांगितलं जातं. वहाणा उंबऱ्याशी आहेत आणि पुढची ओळ वाकड्या चालण्याची आहे, एवढ्याने वाचणाऱ्याला कारण कळतं. ते सांगायला गेलं की शेर समजावणीच्या सुरात जातो. त्याला एवढंच विचारा, "पहिल्या तीन अक्षरांत कारणाऐवजी दुसरं काही ठेवता येईल का? जागा किंवा वेळ?" हे माझं मत आहे, नियम नाही, हेही त्याला सांगा, लगावली म्हणतात त्याप्रमाणे.

मतला मात्र फार सुंदर जमला. 'दुःख ते' गेलं हे बघून बरं वाटलं.

लगावली

मतला तपासला. 'मागतो-बोलतो', समान 'तो', आधी 'अ'. राहतो, चालतो, पाहतो सगळे बसतात. 'स्वतःशी/च रात्री/पुन्हा बो/लतो मी', विसर्गामुळे 'तः' गुरू, 'पुन्हा'तला 'पु' लघूच राहतो कारण 'न्हा'चा आघात मागच्या अक्षरावर येत नाही. हे त्याने कानाने बरोबर घेतलंय, त्याला हे जरूर कळवा की हे आपोआप जमलेलं नाही, कान तयार आहे.

मूळ मतला आणि नवा मतला ग्रुपवर शेजारी-शेजारी टाकायला तो तयार आहे का, ते विचाराल का? काफियावर दहा ओळींची टीप मी लिहून देतो. त्याच्या गझलेचं नाव न घेता नुसती टीप हवी असेल तर तशी देतो.

बार्शीकर

'जागा किंवा वेळ' एवढाच निरोप दिला. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कँटीनमधून उत्तर आलं:

वहाणा तिच्या राहिल्या उंबऱ्याशी
तिथे आजही वाकडा चालतो मी

त्याने जागा आणि वेळ दोन्ही घातलं.

घाव-मिठाचा शेर त्याने काढला आहे. पाचवा नवा लिहितोय, वडिलांवर, पण घाई नाही म्हणाला. दोन्ही मतले ग्रुपवर टाकायला तयार आहे, काय बदललं ते तोच लिहिणार. ज्येष्ठांशीही बोललो. त्यांना मी चपलेचा आधीचा आणि आताचा शेर दाखवला. ते म्हणाले, टीप मी तपासून देतो आणि मुलाला फोनही करतो. लगावली सर, तुमची टीप शनिवारपर्यंत पाठवा, म्हणजे ती त्यांच्या नजरेखालून जाऊन रविवारी मतल्यांबरोबर जाईल. दादेचा मिसरा हाताने टाइप करायचा हा नियमही त्याच दिवसापासून सुरू करतोय.

लावुनी-हसूनीचं त्याला आत्ताच सांगू की पुढच्या गझलेला? 'दिवा लावुनी' मध्ये ते आहे, पण तो शेर मला आहे तसाच आवडतो.

शब्दवेल

पुढच्या गझलेला. आणि 'दिवा लावुनी' तुम्हाला आहे तसा आवडतो हेही त्याला सांगा.